१९८३ ची बुलेट ३५० : टायमिंग खाली जुळवलं की वर बिघडतं

घोटीकर
मंडळी, काकांची १९८३ ची बुलेट ३५० बरीच वर्षं पडवीत उभी होती, ती यंदा बाहेर काढली. आमच्या इगतपुरी तालुक्यातला पाऊस माहीतच आहे, तेव्हा गंजाचं वर्णन करत बसत नाही. इंजिन पूर्ण उघडलं. सातपूरला बोअर मारून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, बिग एंड, व्हॉल्व्ह लॅपिंग, सगळं झालं. वायरिंग नवीन, सीबी पॉइंट (उघडला की ठिणगी पडते तो स्विच) आणि कंडेन्सर नवीन, कार्ब्युरेटर धुऊन नीट बसवला.

अडचण अशी आहे. मेकॅनिकने पुस्तकाप्रमाणे टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, लावलं की गाडी पहिल्या किकला सुरू होते, आयडलिंग ऐकत बसावं असं, पण पन्नासच्या पुढे दमच नाही. कसाऱ्याहून घाट चढताना तिसऱ्यावर धापा टाकते, इंजिन तापतं, बेंड पाइप निळा पडला. मग त्याने टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी लवकर. आता हायवेला छान ओढते, पण किक अशी उलटी मारते की पाय ठेवायची भीती वाटते, आणि आयडलिंगला हुंदके देते. मधोमध लावलं तर दोन्हीकडचा थोडा थोडा त्रास राहतो.

मेकॅनिक म्हणतो नवीन काम आहे, हजार किलोमीटर होऊ द्या, आपोआप मोकळी होईल. खरं आहे का?

देवळालीकर
नव्या बोअरची गाडी घाटात कशाला घातली राव? रनिंग होईपर्यंत पन्नासच्या आत चालवा, पहिलं ऑइल लवकर बदला. घट्ट इंजिन तापतंच. बाकी फोटो टाका की, टाकीवरच्या सोनेरी रेघा जुन्याच आहेत का रंगाऱ्याने परत ओढल्या?

अण्णा_म्हसरूळ
टायमिंग पुस्तकाने लावत नसतात, कानाने लावतात. गाडी चालू ठेवायची, पॉइंट ज्यावर बसतो त्या प्लेटचे स्क्रू जरा ढिले करायचे, प्लेट हळूहळू सरकवायची. ठोका एकसारखा आणि मोकळा झाला की तिथून केसभर मागे घ्यायचं आणि स्क्रू आवळायचे. आम्ही पंचवटीत अशा किती गाड्या लावून दिल्या. तेव्हा कुठे होती गेजं आणि डिग्र्या.

रुपाली_सिडको
अण्णा, तुमच्या कानाबद्दल शंका नाही, पण ही गाडी कानाने लागणारच नाही. कारण उभ्या गाडीवर कान ऐकतो ते फक्त आयडलिंग, आणि घोटीकरांची तक्रार दोन टोकांची आहे. एक टोक सांभाळलं की दुसरं बिघडतं. प्लेट सरकवून दोन्ही टोकं एकदमच पुढे किंवा एकदमच मागे जातात. त्यांच्यातलं अंतर प्लेटने बदलत नाही.

थोडं खोलात जाते. ठिणगी पडली की सगळं पेट्रोल त्याच क्षणी जळत नाही. ज्योत पसरायला काही मिलिसेकंद लागतात, आणि हा वेळ इंजिन जोरात फिरलं म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. १००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ अंश फिरतो, ४००० ला २४ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. बुलेटमध्ये हे काम पॉइंटच्या प्लेटखाली बसलेला एटीडी करतो. त्याला दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात, वेग उतरला की स्प्रिंगा कॅमला परत आणतात.

आता घोटीकरांची लक्षणं बघा. खाली बरोबर लावलं तर वर उशीर होतो. उशिरा पेटलेला चार्ज एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही जळत असतो, म्हणून ताकद जाते आणि उष्णता बेंड पाइपमध्ये येते. वरचं बरोबर लावलं तर खाली किक मारताना पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधी पेट घेतो आणि किक उलटी येते. म्हणजे वेगाबरोबर जे पुढे सरकायला हवं ते सरकतच नाहीये. एटीडी जाम आहे, माझा अंदाज तरी हाच. रनिंगचा इथे संबंध नाही. घट्ट इंजिन तापेल, पण किक उलटी कशाला मारेल?

तपासायला पैसे लागत नाहीत. इग्निशन बंद, पॉइंटचं झाकण काढा, कॅम बोटांनी धरून तो फिरतो त्याच दिशेला पिळून बघा. थोडा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर झटक्यात परत आला पाहिजे.

कांदाभजी
यावर एकच औषध, पॉइंट काढून फेका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका. माझ्या गाडीला टाकलंय, झाकण उघडायची वेळ येत नाही.

देवळालीकर
भजी, तुमचं ते किट पेठच्या रस्त्याला बंद पडलं की टेम्पो बोलवा. पॉइंट बंद पडला तर पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो.

घोटीकर
रुपालीताई, कॅम जागचा हलला नाही. जोर लावला तेव्हा जरासा सरकला आणि तिथेच राहिला, परत आलाच नाही! प्लेट काढून बघितलं तर जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालंय आणि वजनांच्या पिनांवर गंज. इंजिनचं एवढं काम झालं, पण याला कोणी हातच लावलेला दिसत नाही. आज रॉकेलमध्ये भिजत घालतो. त्यातली एक स्प्रिंग दुसरीपेक्षा लांब दिसते, ते बरोबर आहे का?

सातपूरचा_टर्नर
एक स्प्रिंग मुद्दाम वेगळी असलेले एटीडी असतात, पण तुमची वेटोळी उकललेली दिसत असतील तर ती ताणली गेली आहे. दोन्ही एकदम बदला. एक नवी आणि एक जुनी घालू नका. भद्रकालीत मिळाली नाही तर पुण्याला नाना पेठेत बघा, नाहीतर दिल्लीच्या करोल बागेतून मागवणारे बरेच आहेत. आणि पिनांना ग्रीस पुन्हा लावू नका, पातळ ऑइलचा एक थेंब पुरे. तेच ग्रीस परत वाळतं.

पिना झिजून ओव्हल झाल्या असतील तर आणा, नव्या टर्न करून देतो. सीबीच्या शाफ्टचा बुशही हलवून बघा. शाफ्टला आडवा खेळ असेल तर गॅप दर फेऱ्याला बदलतो आणि तुम्ही काहीही मोजलं तरी ते खोटंच निघतं.

निवृत्त_फिटर
वाचत होतो, आता लिहितोच. एटीडी मोकळा झाला की टायमिंग पहिल्यापासून लावा, जुन्या खुणेवर जाऊ नका.

सगळ्यात आधी गॅप. कॅमच्या उंच भागावर पॉइंट पूर्ण उघडलेला असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गॅप आधी का, हे बरेच मेकॅनिक सांगत नाहीत. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे जातं. कमी केला की मागे येतं. टायमिंग लावून मग गॅप नीट केला तर आधीचं सगळं वाया. तुमचा पॉइंट नवा आहे, त्याची फायबरची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये झिजून बसते, गॅप कमी होतो आणि गाडी हळूहळू मागे पडते. म्हणून तेव्हा एकदा परत बघायचं. कॅमला बोटावर घेतलेलं ग्रीस पुसट लावा, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

मग कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, आपल्याला त्यातला एकच हवा. टॅपेटचं झाकण काढा. दोन्ही पुशरॉड बोटांनी गरगर फिरले तर तो बरोबरचा. टॅपेटही तेव्हाच बघून घ्या, इंजिन थंड असताना रॉड मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली खेळ नको.

आता पुस्तकातला आकडा: टीडीसीच्या आधी ०.८ मिलिमीटर. हा आकडा एटीडी पूर्ण मागे असतानाचा आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या मेकॅनिकने आकडा बरोबर लावला होता, त्याच्या पुढचं काम करणारा भाग झोपला होता.

इंजिन नेहमी फिरण्याच्या दिशेनेच त्या खुणेवर आणा. खूण ओलांडली तर चांगलं मागे नेऊन परत पुढे या, नाहीतर गिअरांचा बॅकलॅश (दातांमधला ढिलेपणा) आकड्यात शिरतो. पॉइंटच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत एक टेस्ट लॅम्प लावा, गाडी सहा व्होल्टची असेल तर बल्ब सहाचाच. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेला असताना बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. खुणेवर बल्ब पेटला पाहिजे. इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, मिटलेल्या पॉइंटवर कॉइल तापते. बल्ब नसेल तर येवल्याच्या पतंगाचा कागद पॉइंटमध्ये धरा आणि हलकेच ओढत राहा, सुटला त्या क्षणी पॉइंट उघडला.

टायमिंग पुढे घ्यायचं तर प्लेट कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेला. अगदी थोडी. सीबी क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे प्लेट एक अंश सरकली की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो.

घोटीकर
काका, फार उपकार. पण ०.८ मिलिमीटर मोजायचं कसं? मेकॅनिक प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून खूण करतो.

रुपाली_सिडको
तारेने नको. बुलेटचा प्लग तिरका आहे, तार पिस्टनवर तिरपी टेकते आणि ती वर जितकी सरकते तितका पिस्टन सरकलेला नसतो. शिवाय टीडीसीच्या जवळ पिस्टन जवळजवळ थबकतो. तिथे क्रँक पाच अंश फिरला तरी पिस्टन पाव मिलिमीटरही हलत नाही. मग नेमका टीडीसी कुठला, हे डोळ्याने कसं ठरवणार?

अंशात मोजा. स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४५. कनेक्टिंग रॉडचा कल धरून हिशेब केला तर ०.८ मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साधारण नऊ ते दहा अंश. डावीकडचं प्रायमरी कव्हर काढून क्रँकच्या टोकाला डिग्री डिस्क लावा आणि एक तार वाकवून काटा करा. कंपासपेटीतला मोठा कोनमापक छापून पुठ्ठ्यावर चिकटवला तरी चालतो.

सातपूरचा_टर्नर
आणि टीडीसी काढायला पिस्टन स्टॉप. जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं पोट फोडून काढायचं, आत आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट बसवायचा. तो प्लगच्या जागी घट्ट करा. इंजिन हाताने एका बाजूला फिरवा, पिस्टन बोल्टला टेकला की डिस्कवरचा आकडा लिहा. दुसऱ्या बाजूने आणून टेकवा, तोही लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. किक मारून फिरवू नका, पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडेल. माझ्याकडे एक तयार आहे, सातपूरला आलात तर घेऊन जा.

म्हाळसाकोरे
मधेच विचारतो, माफ करा. अशा गाडीला ती व्हिंटेजची वेगळी नंबरप्लेट मिळते का? भाऊ म्हणतो आरटीओत विचार.

देवळालीकर
नाही मिळणार. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, आणि चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल केलेले नकोत. १९८३ ची गाडी २०३३ ला बसेल. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. ती प्लेट घेतली की गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच. ज्याला दूध आणायला बुलेट लागते त्याने त्या भानगडीत पडू नये. साधं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच पाच वर्षांचं होतं, पेठ रोडला जाऊन करून घ्या.

अण्णा_म्हसरूळ
घोटीकर, झालं का काही? डिग्रीच्या गप्पा चालल्यात पण गाडी पळाली का ते कळू द्या.

घोटीकर
पळाली अण्णा! सविस्तर लिहितो.

एटीडी मोकळा केला, दोन्ही स्प्रिंगा नव्या, पिना साध्या पॉलिश पेपरने घासून निघाल्या. कॅम आता पिळला की टप्पकन परत येतो. पिस्टन स्टॉपने टीडीसी काढला तर मेकॅनिकची तारेची खूण पाच अंशांनी चुकीची निघाली, तीही पुढच्या बाजूला. फिटरकाकांच्या रीतीने गॅप, मग दहा अंशांवर बल्ब. नंतर ताईंनी फोनवर सांगितलं तसं कॅम पूर्ण पुढे पिळून आगकाडीचा तुकडा अडकवला आणि परत मोजलं, तेव्हा बल्ब तेहतिसाला पेटला. काडी आठवणीने काढली.

किक हलकी झाली. हुंदके गेले. हायवेला ओढते. फक्त घाटात, तिसऱ्यावर, वेग पडलेला असताना एक्सलरेटर जोरात पिळला की इंजिनमधून बारीक टिणटिण येते. सपाटीला अजिबात नाही.

अण्णा_म्हसरूळ
आता माझं काम आलं बघा. ती टिणटिण म्हणजे नॉकिंग. एवढं मोजलं तरी शेवटचं केसभर घाटातच लागतं. प्लेट अगदी नखाएवढी मागे घ्या, परत त्याच चढावर त्याच गिअरला जा. आवाज बंद झाला की तिथे थांबा. आणखी मागे घ्यायचा मोह नको, नाहीतर परत पाइप निळा.

रुपाली_सिडको
अण्णांशी शंभर टक्के सहमत, आणि हे मी कुरकुर न करता लिहितेय. आकडा पुस्तकात नव्या इंजिनचा आहे. तुमचा बोअर वाढलाय, हेड घासलं असेल तर कॉम्प्रेशन थोडं बदललंय, पेट्रोलही तेव्हाचं नाही. तेव्हा मोजून जवळ जायचं आणि चढावर शेवटची जागा शोधायची. मात्र नखाएवढं म्हणजे डिस्कवर किती अंश झाले ते लिहून ठेवा, पुढच्या पॉइंटच्या वेळी कामाला येईल.

टिणटिण फक्त टायमिंगने येते असंही नाही. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं तरी येते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्याने ऑक्टेन वाढतो, पण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं. घाटात जोरात चढवून इग्निशन आणि क्लच एकदम सोडून थांबा आणि प्लग काढून बघा. आतली चिनीमाती बदामी हवी. पांढरीफटक असेल तर आधी मेन जेट एक नंबर मोठा, मग टायमिंगला हात.

निवृत्त_फिटर
"क्लच सोडून" नाही हो ताई, क्लच दाबून. सोडला तर गाडी ओढत राहील.

रुपाली_सिडको
हो, दाबून. आणि घाटातल्या वळणावर नको, सरळ रस्त्याची कडा बघून.

घोटीकर
प्लग बदामीच होता. प्लेट मागे घेतली, डिस्कवर दोन अंश भरले. आज कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत तिसऱ्यावर आलो, काकांना मागे बसवून. टिणटिण नाही, धाप नाही. काका अँपिअर मीटरकडे बघत होते सारखे.

निवृत्त_फिटर
काकांना विचारा, ते त्या काट्यावरूनच किक मारत असणार. चावी चालू, किक हळू दाबत न्यायची. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा काटा डिस्चार्जकडे पडलेला दिसतो, उघडला की मधे येतो. तो मधे आला की डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, किक वर घ्यायची, मग एकच दणका. नव्या पोरांना काटा दिसतो, पण तो कशाला लावलाय ते माहीत नसतं.

येझदी_नांदगाव
माझ्याकडे म्हैसूरची येझदी आहे. तिला पण हा एटीडी असतो का? किक उलटी नाही मारत, पण वर ओढत नाही.

सातपूरचा_टर्नर
नाही. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला ठिणगी, आणि येझदीचा पॉइंट थेट क्रँकच्या टोकाला, डायनामोवर. टायमिंग एकच, वरखाली होत नाही. प्लगच्या भोकातून डायल गेज लावून पुस्तकातल्या आकड्यावर बसवा. पण वर ओढत नाही म्हणता तर आधी दोन्ही सायलेन्सरमधली जाळी काढून तिच्यावरची काजळी जाळून टाका. येझदीची निम्मी दुखणी तिथे असतात.

आणि घोटीकर, पिस्टन स्टॉप नांदगावकरांच्या हाती देऊ नका. माझा मला परत आणून द्या.